संडासाच्या कडीला तोफेचं संरक्षण

आमची कंपनी विमानाचे भाग बनवते, असं मी लोकांना सांगतो. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दाढी करताना न्हाव्यालासुद्धा. समोरचा माणूस लगेच सावरून बसतो आणि विचारतो, "म्हणजे नेमका कुठला भाग?" मी चेहरा गंभीर करून म्हणतो, "ते बोलता येत नाही." मग तो आणखी सावरून बसतो.

बोलता येत नाही याचं कारण गुप्तता नव्हे, लाज. आम्ही प्रवासी विमानातल्या संडासाच्या दाराची कडी बनवतो. माणूस आत गेला, कडी सरकवली, की बाहेर लाल पट्टी दिसते. बाहेर आला की हिरवी. महाळुंग्यातल्या आमच्या शेडमध्ये ही कडी घडवतात, घासतात, तपासतात, आणि मग ती बोटीने परदेशी जाते. कडी उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण तिच्यावर शत्रूचा डोळा असेल असं खुद्द आमच्या मालकांनाही कधी वाटलं नसेल.

मी तिथे प्रशासन आणि सुरक्षा अधिकारी. हुद्दा वाचायला बरा आहे. काम म्हणजे गेटपास, माळी, आग विझवायची नळकांडी, आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेणं.

तर मागे एका उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. आपल्याकडे भोंग्यांची तालीम झाली, दिवे घालवायची तालीम झाली. टीव्हीवरची माणसं इतकी ओरडायला लागली की खरं युद्ध त्यापेक्षा शांत असेल असं वाटायचं. अशात आमच्याकडे फोन आला. विमानाशी संबंधित माल बनवणाऱ्या कारखान्यांनी एकेक माणूस चाकणला बैठकीला पाठवावा, हवाई संरक्षणाचं ठरवायचं आहे. मालक मला म्हणाले, "तू जा. गप्प बसून ये. काही मागू नकोस."

निगडीला माझ्या समोरच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. त्यांची कंपनी विमानाच्या चाकांच्या ब्रेकचे भाग बनवते. खरेखुरे, लढाऊ विमानांचे. त्यांनाही बोलावणं होतं, म्हणून आम्ही माझ्याच गाडीतून गेलो. वाटेत ते म्हणाले, "तुमचं तिथं काय काम, भाऊ?" मी म्हणालो, "बिस्किटं खायला."

लष्कराचे साहेब नागपूरकडचे होते. बारीक, गोरे, आवाज एकदम मऊ. त्या मऊ आवाजातच ते म्हणाले, "तोफा मोजक्या आहेत, कारखाने भरपूर. आपला कारखाना उद्या सकाळी नसला तर कोणाचं काय अडेल, ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगा."

आता तुम्ही पिंपरी-चिंचवडचे पुरवठादार कधी एका खोलीत पाहिले आहेत का? गिऱ्हाइकासमोर एकमेकांची लाज काढण्यात या लोकांचा हात कोणी धरणार नाही. गिअरवाला रबरवाल्याला म्हणाला, "तुमचं रबर चाकणच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळेल, राव." रबरवाला म्हणाला, "तुमचे गिअर परत आलेत म्हणे मागच्या महिन्यात, पोतंभर." एक भोसरीवाला उठून म्हणाला की त्याचा कारखाना गेला तर देशाचं कंबरडं मोडेल. मागून कोणीतरी म्हणालं, "तुझ्या बायकोचं तरी मोडेल का बघ." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते वाट बघत होते.

ब्रेकवाले शेजारी उभे राहिले. माणूस हुशार, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. "आमचा... म्हणजे ब्रेकचा जो भाग... उतरताना..." एवढंच. वाक्य काही पूर्ण होईना. गिअरवाला म्हणाला, "यांच्याच जिभेला ब्रेक लागलाय." पुन्हा हशा. ते तसेच खाली बसले.

मग साहेबांचं बोट माझ्याकडे वळलं. मालकांनी गप्प बसायला सांगितलं होतं. पण तो हशा माझ्या डोक्यात चढला होता. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, आमचा भाग फेल झाला तर माणूस आत अडकतो."

साहेब पुढे झुकले.

"आत, म्हणजे विमानात?"

"हो साहेब. आतून काही करता येत नाही. बाहेरून दार तोडावं लागतं."

"आणि हे हवेत असताना?"

"हवेतच होतं साहेब. धावपट्टीवर वापर बंद असतो."

यातला एकेक शब्द खरा आहे. साहेबांच्या डोळ्यांसमोर जळत्या विमानातला वैमानिक उभा राहिला असणार. माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते सांगायला नको. ब्रेकवाले माझ्याकडे बघत होते. आम्ही काय बनवतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं असतं तर माझं हसं झालं असतं, पण त्यांचं तोंड तिथं उघडतच नव्हतं, आणि हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं.

आमच्या पट्ट्याला एकच तोफ आली होती. ती महाळुंग्याला मिळाली. आम्हाला.

बाहेर गाडीपाशी ब्रेकवाले म्हणाले, "कडीसाठी?"

"दाराची यंत्रणा," मी म्हणालो.

"संडासाच्या."

"दार ते दार."

ते बसस्टॉपकडे चालू लागले. मी दोन वेळा हॉर्न दिला. वळून बघितलं नाही त्यांनी.

ही विजयवार्ता मी सगळ्यांत आधी मावशींना सांगितली. मावशी म्हणजे आमच्या कंपाउंडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मेस चालवणाऱ्या बाई. मूळच्या लातूरकडच्या. नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात होता. आधी कारखाना बंद पडला, पाठोपाठ तो गेला. शेडच्या दारावर पंचशीलाचा झेंडा, आत एक मोठी चूल, दोन शेगड्या, आणि पडद्यामागे त्यांची खाट. म्हणजे मेस तीच आणि घरही तेच. आमच्या कंपनीत कॅन्टीन 'प्रस्तावित' आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाही प्रस्तावित होतं. त्यामुळे ठेक्यावरचे सगळे कामगार तिथेच जेवायचे, आणि मीही. मावशींची शेंगदाण्याची चटणी खाल्ल्यावर मला घरचा डबा आजारी माणसासाठी केल्यासारखा वाटायचा.

"तोफ येणार आहे, मावशी," मी म्हणालो.

"तोफ? कुणाला राखायला?"

"कंपनीला."

"आन् आमाला?"

"तुम्ही कंपनीच्या पाठीलाच आहात. तुमचं आपोआप होतंय."

"आपोआप झालेलं मी तरी काय बघितलं न्हाई," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात भाकरी टाकली.

मेसची जागा होती आबांची. आबा गावचे जुने शेतकरी. जमीन बरीचशी कारखान्यांना गेली, जी राहिली तिच्यावर पत्र्याच्या खोल्या आल्या. मावशींच्या मेसला लागूनच आबांच्या शर्यतीच्या बैलाचं शेड होतं. पंखा, मच्छरदाणी, खाली रबरी चटई. शर्यतीच्या घाटात पळणारा बैल. त्याच्या पाठीवरून आबा ज्या मायेने हात फिरवायचे तशी माया त्यांनी घरच्या माणसांवर केलेली कोणी पाहिली नव्हती. आमच्या गेटाकडे येणारा रस्ता आबांच्या जमिनीतून जातो. हे ध्यानात ठेवा. मी ते एक क्षण विसरत नाही.

आता माझा दुसरा पराक्रम. आमच्या भागात फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. पोराचं बारसं, कोणाची सुटका, कोणाची नेमणूक, काहीही असो, चौकात फ्लेक्स लागतो. शिवाय ऑडिटची सवय हाडात मुरलेली. गिऱ्हाईक येणार म्हटलं की स्वागताचा फलक, रांगोळी, दिशादर्शक बाण, हे सगळं माझ्याकडून आपोआप होतं. तोफ येणार म्हटल्यावर मी काय करणार? गेटवर मोठा फ्लेक्स लावला. 'विमानविरोधी तोफ पथकाचे महाळुंगे नगरीत सहर्ष स्वागत'. आबा म्हणाले, "आमचा फोटू टाका की." टाकला. "बैलाचा बी टाका, फायनलला पयला आलाय त्यो." बैलाचाही टाकला. आणि ट्रकवाले चुकू नयेत म्हणून खाली लाल बाण काढून लिहिलं, 'तोफेकडे'.

पथक सकाळी आलं. साहेब जीपमधून उतरले, फ्लेक्सपाशी थांबले आणि पूर्ण वाचला. बैलाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"हे कोणी लावलं?"

मी पुष्पगुच्छ घेऊन पुढे झालो. "मी, साहेब."

"पिन कोड राहिला," साहेब म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत, म्हणून मी हसलो. ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "हसू नका. मी इतकी वर्षं शत्रूशी लढायचं शिकलो. तुमच्याशी कसं लढायचं हे मला कोणी शिकवलं नाही." तेवढ्यात एक जवान मोबाईल घेऊन आला. फ्लेक्सचा फोटो एका दमात किती ग्रुपवर फिरला होता कोण जाणे. एका पोराने खाली लिहिलं होतं, 'आपल्या गावात तोफ, जय हो भावा'.

तोफ छपरावर बसणार होती. ते रद्द झालं. साहेब म्हणाले, "आता छपरावर ठेवली तर बाण काढायचीसुद्धा गरज नाही. मागे खाली नेऊ, जाळी टाकू." आम्ही सगळे कंपाउंडच्या मागे गेलो. तोफेला चहूबाजूंनी वळायला मोकळी जागा हवी. तिथे दोनच शेडं होती. एक मेस, एक बैलाचं.

"यातलं एक जाईल," साहेब म्हणाले. "कुठलं ते तुम्ही ठरवा. इथल्या माणसांची माहिती तुम्हाला आहे."

आबा पुढे आले. "बैल हलवायचा न्हाई बरं का, साहेब. बिथारला की शीजन गेला." एवढंच बोलले, आणि मग आमच्या गेटाकडे येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिले. माझ्याकडे नाही. फक्त रस्त्याकडे.

मी साहेबांना जे सांगितलं ते माझ्या तोंडून आलं, दुसऱ्या कोणाच्या नाही. म्हणालो, "साहेब, बैल सजीव आहे, हलवायला धोका आहे."

"आणि त्या बाई?"

"त्या समजूतदार आहेत."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मला आजही आंघोळ करताना आठवतं. पण त्यांना उशीर होत होता. "करा," म्हणाले.

मेसमध्ये जेवणाची वेळ होत आली होती. चुलीवर भाताचं पातेलं. मी दारात उभा राहून सुरुवात केली, "मावशी, कसं आहे, वेळ मोठी कठीण आहे. आपल्या प्रत्येकाला देशासाठी थोडं..."

"कुटं बसवायलेत?"

"काय?"

"तोफ. कुटं बसवायलेत ते सांगा. देशाचं मागनं सांगा."

"इथं."

"आन् बैल?"

"बैलाचं जरा वेगळं आहे..."

"ऐकलंय मी. पत्रा हाय ह्यो, भिंत न्हाई. बैल सजीव हाय. मी समजूतदार हाय." त्यांनी उलथणं पातेल्यावर आडवं ठेवलं. "समजूतदार असते तर तुमाला पैल्या दिवशीच उपाशी घालवलं असतं."

मागे रांगेत उभे असलेले कामगार ताटं हातात धरून ऐकत होते. एकजण खुसखुसला. मला राग आला, तो त्या खुसखुसण्याचा. बाकी कशाचा नाही, ही माझी तऱ्हा.

आबांच्या पुतण्याचा जेसीबी गावातच होता, तो लगेच आला. एवढ्या वेळेवर जेसीबी मी आयुष्यात पहिल्यांदा येताना पाहिला. मावशींनी आधी दारावरचा झेंडा उतरवला, घडी घालून पदराखाली घेतला. मग खाट, डबे, परात. "भात तेवढा शिजू द्या," त्या म्हणाल्या. जवान थांबायला तयार होते. एकजण तर म्हणाला, "होऊ द्या ना साहेब, दहा मिनिटांनी काय होतंय." आबा म्हणाले, "उरका रं, उन्हं चढली." पुतण्याने माझ्याकडे बघितलं. अधिकारी मी होतो ना. मी मान हलवली.

पातेलं तसंच उतरवून बाहेर ठेवलं. पत्रे कोसळताना बैलाने एकदा मान वर केली आणि पुन्हा वैरणीत घातली. कामगारांनी त्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीला टेकून अर्धा कच्चा भात खाल्ला, कारण संध्याकाळपर्यंत दुसरं काही मिळणार नव्हतं. मीही खाल्ला. कोणी मला वाढला नाही, माझा मीच घेतला.

चुलीच्या जागी तोफ बसली. जुनी, दोन नळ्यांची, चाकांवरची. जाळीखालून ती दिवसभर आकाशाकडे बघायची. आकाशात घारी होत्या. दुसऱ्या दिवशी पथकातला एक हवालदार माझ्याकडे आला. त्यांचं रेशन कुठेतरी अडकलं होतं. "इथं कोणी बाई जेवण करतात म्हणे, फार चांगलं?"

मावशी तोवर गावात एका ओळखीच्या बाईच्या ओट्यावर मुक्कामाला गेल्या होत्या. मी स्वतः गेलो. म्हणालो, "मावशी, जवान उपाशी आहेत."

"बैलाला सांगा की भाकरी थापायला."

"असं काय करता..."

"का? सजीव हाय न्हवं त्यो?"

ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ही गोष्ट माझ्याआधी कंपनीत पोचली. तेव्हापासून शॉपवर, म्हणजे जिथे कड्या बनतात तिथे, मला 'बैलसाहेब' म्हणतात. तोंडावर नुसतं 'साहेब' म्हणतात, पण आधी जरा थांबून.

जवानांसाठी मी चाकणहून पार्सल मागवली. त्यातला एकजण खाऊन आजारी पडला. त्याचंही श्रेय माझ्याकडेच.

विमान आलं नाही, ड्रोन आला नाही. काही दिवसांत टीव्हीवरच्या लोकांनी आवाज खाली आणला. मग सीमेवरही थांबल्याची बातमी आली. तोफ हलवायच्या दिवशी साहेब आभार मानायला म्हणून शॉपमध्ये आले. त्यांनी एका टेबलावरून तयार माल उचलला. कडी सरकवली. लाल. परत सरकवली. हिरवी.

"हे कुठे लागतं?" त्यांनी टेबलावरच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "संडासाला, सर."

मी खांबामागे सरकलो होतो, पण खांब बारीक होता. साहेब कडी दोनतीनदा मागेपुढे करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माणूस आत अडकतो. बरोबर सांगितलं होतंत." कडी जागेवर ठेवली आणि गेले. त्यांनी आरडाओरड केली असती तर मला आवडलं असतं.

ट्रक गेल्यावर मागची जागा मोकळी झाली. मावशी गेटवर आल्या. डोक्यावर पदर, हातात काही नाही. "साहेब, गेली ना तोफ? आता उद्यापासून चूल मांडू का?"

"आबांना विचारतो," मी म्हणालो.

विचारायला गेलोही, त्याच दिवशी. आबा मागेच उभे होते. आणि मोकळ्या जागेत, चुलीची काळी खूण होती नेमकी तिथे, चार लोखंडी खांब रोवून झाले होते. बैलाचं शेड वाढवायचं काम. शेजारी आणखी एक खोंड येणार होता, जोडीला.

"आबा, त्या बाईंची मेस होती इथे," मी म्हणालो.

"व्हती की."

"त्यांना परत द्यायची का जागा?"

"आता साहेब, तुमीच ठरीवलं व्हतं ना, बैल थांबंल आन् बाई जाईल? आमी तर काय बोललो बी न्हाई." आबा हसले. "च्या घ्या."

मी चहा घेतला. बैलाकडे बघत, रस्त्याकडे बघत घेतला. आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते माझ्याकडे तयार होतं. पण आमचा माल भरायला येणारे टेम्पो त्याच रस्त्याने येत होते.

गेटवर मावशी तशाच उभ्या होत्या. मला आबांचं नाव घ्यायची भीती वाटली, आणि माझं स्वतःचं घ्यायची त्याहून जास्त. मी म्हणालो, "मावशी, लष्कराची जागा झालीय ती आता. वरून परवानगी लागते. थोडा वेळ लागेल."

मावशी म्हणाल्या, "लष्करातले साहेब काल मला भेटून गेले. ओट्यावर आलते. माफ करा म्हणले. म्हणले, आमी निघालो की जागा तुमची तुमी घ्या, आमचा काही संबंध न्हाई."

मी खोकलो.

"घसा बसलाय तुमचा," मावशी म्हणाल्या. "चार दिस नीट जेवला न्हाईत. खोटं बोलायचं तर जेवून बोलावं माणसानं, आवाज तरी निघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक टेम्पो गावातून निघाला. मारुंजीला आयटीतली पोरं भाड्याने राहतात, तिथे मावशींना बहिणीच्या ओळखीने एका खोलीत डबे करायचं काम मिळालं होतं, असं कामगारांकडून कळलं. टेम्पो आमच्या गेटासमोरून जाताना ट्रकमुळे थांबला. मागे पातेली, परात, खाट, आणि त्यावर मावशी बसलेल्या. भाताचं मोठं पातेलं कडेला सरकून पडायला आलं होतं. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी ते सावरलं.

"सोडा," मावशी म्हणाल्या.

"पडेल, मावशी."

"पडू दे. तुमी सोडा."

मी सोडलं. पातेलं पडलं नाही. ट्रक हलला, टेम्पो गेला, आणि मागे आमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी ठेक्यावरची माणसं वडापावचे कागद सोडत बसली.